सामता का बदलला नाही?

आपल्या वार्षिक अंकात संतवाङ्मयावर, ग्रामीण कवितेवर, दुष्काळावर आणि ऊसतोड कामगारांच्या प्रश्नावर लेख येत असतात. ते यावेतच. परंतु ज्या हत्यारांनी ह्या जिल्ह्यातली घरे उभी राहिली, बैलगाड्या रस्त्याला लागल्या आणि ज्वारी-बाजरीच्या पेरण्या झाल्या, त्या हत्यारांवर एखादे पान आलेले माझ्या पाहण्यात नाही. हा विषय मी वर्गात बोलून दाखविला तेव्हा एका मित्राने विचारले, "त्यात लिहिण्यासारखे काय आहे?" त्याचा प्रश्न प्रामाणिक होता. उत्तर मात्र थोडे लांबणार आहे.

सोयीसाठी एकच हत्यार घेतो : सुताराचा सामता. लाकडाला भोक पाडण्याचे हे हत्यार. आमच्या पिढीतल्या अनेकांनी ते पाहिलेले नसेल, म्हणून आधी वर्णन करतो. हातभर लांबीचा, शिसवीसारख्या टणक लाकडाचा एक गोल दांडा. त्याच्या खालच्या टोकात भाल्याच्या फाळासारखे लहानसे लोखंडी पाते ठोकलेले. वरच्या टोकावर मोकळी फिरणारी लाकडी मूठ. आणि बांबूची एक कमान. तिची वादी दांड्याला एक वेढा देऊन ताणलेली. डाव्या हाताने मूठ दाबून धरायची आणि उजव्या हाताने कमान सारंगीच्या गजासारखी पुढेमागे ओढायची. दांडा एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे असा गरगर फिरतो आणि पाते लाकूड खरवडत खाली जाते. सुतार हे सारे जमिनीवर बसून करतो. लाकूड पायाने दाबून धरलेले असते.

ह्याच कामाचे दुसरे हत्यार म्हणजे गिरमिट. गिरमिट म्हणताना दोन वेगळ्या वस्तू डोळ्यांपुढे येतात. एक आडव्या मुठीचे, दोन्ही हातांनी पिळायचे. आणि दुसरे मधोमध वाकवलेल्या लोखंडी दांड्याचे, ज्याला कारखान्यात नुसते 'ब्रेस' म्हणतात. मी बोलतो आहे ते ह्या दुसऱ्याविषयी. ह्याची वरची गोल मूठ छातीने किंवा तळहाताने दाबायची, मधला वाकलेला भाग हातात धरून घड्याळाच्या काट्यासारखा फिरवायचा, आणि खाली पकडीत बसवलेले पाते एकाच दिशेने फिरत लाकडात शिरते. कमान नाही, वादी नाही, मागेपुढे नाही.

ही दोन्ही हत्यारे समजून घेण्यासाठी कुठल्याही पुस्तकाची गरज नाही. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात त्या दोघांचीही भावंडे होती. ताक घुसळायची रवी आठवा. दोर गुंडाळलेला, एकदा ह्या हाताने ओढायचा, एकदा त्या हाताने. रवी आलटून पालटून दोन्ही बाजूंना फिरते. सामता हा रवीचा सख्खा भाऊ. मोठे भोक पाडायचे असेल तर कमान बाजूला ठेवून लांब दोर दांड्याला गुंडाळीत आणि दुसरा माणूस तो रवीसारखाच दोन्ही हातांनी ओढी. आता जाते आठवा. मध्यापासून बाजूला बसवलेला खुंटा धरून पाळे सतत एकाच दिशेने फिरवायचे. गिरमिटाचा वाकलेला दांडा म्हणजे जात्याचा खुंटाच होय.

म्हणजे असे, की सतत एका दिशेने फिरविण्याची युक्ती आपल्याकडे घरोघर होती. रोज पहाटे बायका ती वापरीत होत्या. जात्याचा तो खुंटा बसवून द्यायचे कामही बहुधा सुताराचेच. तरीही त्याच सुताराने आपल्या सामत्याला तो खुंटा बसवला नाही. का? 'आपले कारागीर अडाणी होते, त्यांना सुचले नाही', हे उत्तर आपल्याकडे फार चटकन दिले जाते. ते मला मुळीच पटत नाही. आणि 'आमच्या पूर्वजांना सारे काही ठाऊक होते, इंग्रजांनी बुडवले', हे त्याच्या उलटचे उत्तरही तितकेच आळशी आहे. दोन्हींत सामता हातात धरून पाहण्याचे कष्ट कोणी घेतलेले नसतात.

सामत्याचे कूळ फार जुने. आज पाकिस्तानात असलेल्या बलुचिस्तानातील मेहेरगढ येथे साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या दफनांत नऊ माणसांचे अकरा दात असे सापडले, की जे जिवंतपणीच गारगोटीच्या बारीक टोकाने विंधलेले होते. २००६ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. मणी विंधणाऱ्या कारागिरांचेच हे कसब असावे आणि टोक फिरविण्यासाठी कमान वापरली असावी, असा संशोधकांचा कयास आहे. इजिप्तमध्ये रेखमिरे नावाच्या प्रधानाच्या थडग्यातील भिंतीवर साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा सुतार खुर्चीला भोक पाडताना रंगवला आहे; त्याच्या हातातले हत्यार कोणाही मराठी सुताराने ओळखावे असे आहे. आपल्या शेजारी धाराशिव जिल्ह्यात तेर येथे, म्हणजे प्राचीन तगर नगरीत, सापडलेले मणी लामतुरे संग्रहालयात पाहायला मिळतात. मण्याकडे सगळेच पाहतात. मण्यातल्या भोकाकडे कोणी पाहत नाही. खरे म्हणजे कठीण दगडाच्या मण्यात कारागिराचे अर्धे आयुष्य त्या भोकातच गेलेले असते.

'विंधणे' हे क्रियापद मराठीत किती जुने आणि जिवंत आहे पाहा. मोती विंधतात, कान विंधतात. आणि बीड जिल्ह्यातल्या प्रत्येक सातबाऱ्याला ठाऊक असलेली विंधन विहीरही त्याच धातूची. आज तिला सगळे 'बोअर'च म्हणतात ही गोष्ट वेगळी.

गिरमिट ह्या मानाने अगदी अलीकडचे. युरोपात ते पंधराव्या शतकाच्या पहिल्या भागात चित्रांतून दिसू लागते. न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात रॉबर्ट कांपँ ह्या चित्रकाराच्या चित्रशाळेतील १४२७ ते १४३२ च्या सुमाराचे एक तिहेरी चित्र आहे. त्याच्या उजव्या भागात येशूचा पिता जोसेफ आपल्या सुतारखान्यात बसून फळीला भोके पाडतो आहे आणि त्याच्या हातात वाकलेल्या दांड्याचे गिरमिट आहे. म्हणजे सामत्यानंतर हजारो वर्षांनी हे हत्यार आले. परंतु आल्यावर ते बसून राहिले नाही, हा ह्यातला मुद्दा आहे. सुरुवातीला सारे लाकडाचे, आणि प्रत्येक मापाच्या पात्याला स्वतंत्र लाकडी बूड. मग सांध्यांवर पितळी पट्ट्या आल्या. मग पाते अडकवायला कळ आली. १८५५ साली अमेरिकेत रसेल जेनिंग्ज ह्याने मळसूत्री पात्याचे पेटंट घेतले. १८६४ साली विल्यम बार्बर ह्याने अशा पकडीचे पेटंट घेतले, की नळी हाताने पिळताच आतले दोन जबडे पाते घट्ट धरतात. मिलर्स फॉल्स नावाच्या कंपनीने ती पकड घराघरांत पोचवली. कोपऱ्यात दांडा पुरा फिरत नाही म्हणून मागेपुढे चालणारे खटके बसवले गेले. १९१७ साली ब्लॅक आणि डेकर ह्यांनी पिस्तुलासारख्या मुठीच्या विजेच्या ड्रिलचे पेटंट मिळवले, आणि नंतर सावकाश हे गिरमिटही अडगळीत गेले. आज विकसित देशांतले शौकीन ते जुन्या बाजारातून शोधून आणतात, पुसून तेल लावून मांडून ठेवतात, त्याच्यावर पुस्तके लिहितात.

आता दोन हत्यारांची तुलना करू. आमच्या घरी माळ्यावर आजोबांचा सामता आहे. तो मी मोजला. दांडा चौदा इंच. वादी बसते तेथे त्याची जाडी सव्वा इंच. कमान अठ्ठावीस इंच. एका ओढीत हात सुमारे वीस इंच सरकतो. सव्वा इंच जाडीच्या दांड्याचा घेर चार इंचांना थोडा कमी, म्हणजे एका ओढीत पाच फेरे आणि परतताना उलटे पाच. नेहमीच्या गिरमिटाचा वाकलेला दांडा दहा इंच व्यासाचे वर्तुळ काढतो. हात एक पुरे वर्तुळ फिरला की पात्याचा एकच फेरा होतो. म्हणजे वेगात सामता कितीतरी पुढे. पण जोराचे पाहू. गिरमिटात हाताचा जोर मध्यापासून पाच इंचांवर लागतो. सामत्यात वादीचा जोर मध्यापासून जेमतेम पाऊण इंचाच्या आतच. तरफेच्या साध्या नियमाने पाहिले तर तितक्याच ताकदीत गिरमिट पात्याला आठपट पीळ देते.

ह्याचा अर्थ सरळ आहे. बारीक भोकाला जोर कमी लागतो, वेग उपयोगी पडतो. तेथे सामता गिरमिटाला हार जाणार नाही. वाळलेल्या बाभळीत खिळा थेट ठोकला तर तो वाकतो नाहीतर फळी चिरते, म्हणून आधी बारीक वाट पाडावी लागते. असल्या पन्नास वाटा पाडायच्या असतील तर मी स्वतः सामताच उचलीन. पण भोक अर्ध्या इंचाच्या वर गेले की वादी घसरू लागते, दांडा जागच्या जागी रुसून बसतो. वादी चामड्याचीच का, असे मी आजोबांना विचारले होते. "सुताची दोरी घसरती, बाबा. चामडं कसं घामानं अन् तेलानं लाकडाला धरून ऱ्हातं. पन जादा जोर झाला की त्येबी सोडतंय," असे ते म्हणाले. घर्षणाच्या प्रकरणात आम्हाला शाळेत ह्याहून जास्त काही शिकविले नव्हते.

आणखी एक फरक पात्याचा. सामता दोन्ही दिशांनी फिरतो, म्हणून त्याच्या पात्याला दोन्ही अंगांनी धार द्यावी लागते. ते कापण्यापेक्षा खरवडते. परतीची अर्धी ओढ वाया जाते असे जे म्हणतात ते तितकेसे खरे नाही, पण दोन्ही दिशांना चालणाऱ्या पात्याला मळसूत्र लावता येत नाही हे खरेच. मळसूत्र एका दिशेने आत जाते, उलट फिरवले की बाहेर येते. गिरमिटाच्या पात्याचे टोक स्वतःच लाकडात ओढले जाते, कडेचे दात रेषा कापतात आणि पिळातून भुसा आपोआप वर येतो. सामत्यात भुसा फुंकून काढावा लागतो. पण सामत्याचे पाते गावचा लोहार भात्यावर दहा मिनिटांत ठोकून देई आणि सुतार दगडावर त्याला धार लावी. मळसूत्री पाते कारखान्यातून, रोख पैशाने आणावे लागे. हा फरक लक्षात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

आता बीड जिल्ह्याच्या सुताराला कसली भोके पाडावी लागत ते पाहू. गाडीच्या चाकाला, दाराच्या चौकटीला खाचा आणि कुसू लागतात. त्या पटाशीने आणि किकऱ्याने होतात. खिळ्यांच्या आणि मेखांच्या वाटा सामत्याच्या. पण खरी परीक्षा तिफणीची. तिफण आपल्याकडे आता ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रामागे लपत चालली असली तरी तिची रचना मुळातून पाहण्यासारखी आहे. वर लाकडाची वाटी, तिला चाडे म्हणतात. चाड्याच्या तळाला तीन भोके, त्यांतून तीन नळ्या निघून तीन फणांत उतरतात. पेरणारा मुठीने चाड्यात बी सोडतो आणि ते तिन्ही नळ्यांत सारखे वाटले जाते. वाटले जाते ते केव्हा? तिन्ही भोके एका मापाची, एका तिरकसपणाची आणि आतून गुळगुळीत असतील तेव्हा. एक भोक सुताएवढे जरी अरुंद झाले तरी एक तास विरळ उगवतो आणि शेतकऱ्याला ते पंधरा दिवसांनी, पाऊस निघून गेल्यावर कळते. कोरडवाहू मुलखात ही चूक दुरुस्त होत नाही. इतक्या नाजूक कामासाठी सुतार काय करी? आधी सामत्याने बारीक वाट पाडी, मग किकऱ्याने कोरून अगर तापलेल्या सळईने जाळून ती मोठी करी, आणि डोळ्याने नि बोटाने मापे जुळवी. येथे एक इंची गिरमिट त्याच्या हाती असते तर तिन्ही भोके पाचदहा मिनिटांत, एकाच मापाची झाली असती. म्हणजे गरज नव्हती असेही म्हणता येत नाही.

मग का बदलला नाही सामता? माझ्या मते उत्तर बलुत्यात आहे.

त्रिंबक नारायण आत्रे ह्यांचा 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला. अर्थशास्त्राच्या आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्याचे नाव माहीत असते. बारा बलुतेदारांत सुतार वरच्या ओळीचा. शेतकऱ्याची औते वर्षभर नीट ठेवायची आणि खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा घ्यायचा, हा व्यवहार. नवी गाडी किंवा घर ह्यांची मजुरी निराळी मिळे. पण नांगर, कुळव, तिफण, जू हे सारे बलुत्यात. ह्या व्यवहाराची चांगली बाजू आपण नेहमी ऐकतो : कोणी उपाशी राहत नसे, पैशावाचून काम अडत नसे. (दुष्काळात खळ्यावर रास नसली की बलुतेदाराचे काय होई, हे मात्र ऐकू येत नाही.) मी दुसऱ्या बाजूने पाहतो आहे. चाड्याचे भोक पाच मिनिटांत पाडले काय आणि दोन तासांत पाडले काय, सुताराच्या पदरात पडणारे धान्य तेवढेच. भोक अचूक पडले तर फायदा शेतकऱ्याच्या राशीत. वाचलेला वेळ विकायला बाजार नाही, कारण त्याची घरे वाटून दिलेली. दुसऱ्या गावात दुसरा सुतार. मग रोख पैसे मोजून शहरातून गिरमिट आणि त्याची पाती आणायची कोणासाठी? सामत्याला खर्च शून्य : लाकूड आपले, बांबू आपला, वादी चांभाराकडून, पाते लोहाराकडून, आणि तेही बलुत्यातच. सुताराचा हिशेब अगदी बरोबर होता. अडाणी होती ती व्यवस्था.

ह्याचा पडताळा घेता येतो. हाच सुतार मुंबईच्या रेल्वे कारखान्यात गेला, रोजावर काम करू लागला, की त्याच्या हाती गिरमिट आले आणि ते त्याने सहज चालवले. हात तेच होते. मोबदल्याची रीत बदलली होती. आमच्या जिल्ह्याचे दुर्दैव असे, की सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामी राज्यात, आणि बीड शहराने रेल्वे पाहिली ती एकविसाव्या शतकात. त्यामुळे हा बदल येथे पोचायला फार उशीर झाला. आणि पोचला तेव्हा गिरमिटाला मागे टाकून एकदम विजेचे ड्रिल आले. कित्येक गावांत सामत्यानंतर थेट ड्रिल, मधला पाचशे वर्षांचा टप्पा वगळूनच.

बलुत्याइतकेच दुसरे कारण लेखणीचे. जेनिंग्ज आणि बार्बर ह्यांच्या सुधारणा आज मला तारखेनिशी सांगता येतात, कारण त्यांनी चित्र काढले, शब्दांत वर्णन केले आणि सरकारी दप्तरात नोंदवले. त्या नोंदीने त्यांना पैसा मिळाला आणि पुढच्या माणसाला पायरी मिळाली. आमच्याकडेही कोणा सुताराने कमानीला बाक द्यायची नवी तऱ्हा काढली असेल, मुठीत पितळी वाटी बसवली असेल. तसे झाले असेल तर ते त्याच्या मुलाला कळले, जास्तीत जास्त जावयाला कळले, आणि त्या घरात मुलगा नसला तर मातीत गेले. ज्यांना लिहिता येत होते ते भोक पाडीत नव्हते आणि भोक पाडणाऱ्यांना लिहिता येत नव्हते. लिहिणाऱ्यांनी शेजारी बसून विचारले असते तरी चालले असते. पण विचारण्यासाठी वाड्याच्या ओट्यावरून उतरून सुताराच्या निंबाखाली बसावे लागते. खंडेनवमीला आमच्या घरी सामत्याला हळदकुंकू लागे, फूल वाहिले जाई. हत्याराची पूजा करणारा समाज त्या हत्याराचे साधे चित्र काढून ठेवत नाही, ह्याचे मला फार नवल वाटते.

जेथे लेखणी आणि हत्यार एका हाती आले तेथे काय घडते, ह्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला चित्रकला शिकायला गेले, यंत्रांची रेखाटने करायला शिकले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले, आणि १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत असल्याने तो सुरुवातीला खपेना, ही कथा सर्वांना माहीत आहे. मला त्यातले एवढेच महत्त्वाचे वाटते, की शतकानुशतके लाकडी नांगर घडविणाऱ्या हजारो सुतारांपैकी कोणाकडून नव्हे, तर कागदावर रेखाटन करू शकणाऱ्या माणसाकडून हा बदल आला. सुतारांजवळ नांगराचे ज्ञान किर्लोस्करांपेक्षा कमी होते असे कोण म्हणेल? त्यांच्याजवळ कागद नव्हता.

माझ्या ह्या म्हणण्यावर आक्षेप येतील. गावात आता कोणी बलुते घेत नाही, बाभळीच्या गाड्या गेल्या, ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्यांना कारखान्यांनी केव्हाच टायर लावले. मग मेलेल्या हत्याराचे गुणगान कशाला? तर मी सामत्याचा कैवारी नाही. आमच्या गावचा सुतार बॅटरीवरचे ड्रिल वापरतो आणि ते अगदी योग्य करतो. त्याने सामता वापरावा, आपण तो बघायला जावे, असली हौस मला नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय घेतले आहेत, त्यांत सुतार आहे. हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. मिळावी. पण हत्यार घ्यायला पैसे देणे आणि हत्यार घडविणाऱ्याची, वापरणाऱ्याची अक्कल नोंदवून घेणे, ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली सरकार करील. दुसरी कोण करणार?

दुसरा आक्षेप असा, की हे काम संग्रहालयांचे. पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्यभर हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे जमवले आणि १९७५ साली तो संग्रह शासनाला देऊन टाकला. थोर माणूस. पण अडकित्ता नक्षीदार असतो म्हणून त्याला काच मिळते. सामता नक्षीदार नसतो. त्याची सुंदरता फिरताना दिसते, आणि काचेआड तो फिरत नाही. ह्यापेक्षा मला खंबायतचे उदाहरण जास्त मोलाचे वाटते. तेथील अकीकाचे मणी विंधणारे कारागीर कमानीच्या सामत्याला हिऱ्याच्या कणांचे टोक लावून काम करतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस पुरातत्त्वज्ञ त्यांच्याशेजारी जाऊन बसले, हालचाली मोजल्या, टिपणे केली, आणि त्यावरून हडप्पाकालीन मणी कसे विंधले असतील ते समजून घेतले. कारागीर जिवंत असताना त्याच्याशेजारी बसल्याचा हा लाभ. चाडे कोरणारे सुतार आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

आणि कला महाविद्यालयाने हे करायचे नाही तर कोणी करायचे? शब्द हा मराठी विभागाचा विषय आहे ना? मग दिंड, फण, चाडे, शिवळ, रुमणे, कुसू, किकरे, वादी ह्यांपैकी किती शब्द आपल्या वर्गातल्या मुलांना वस्तूसह ओळखता येतात हे एकदा विचारून पाहावे. ग्रामीण कथा शिकताना आपण तळटीप वाचतो, 'शेतीचे एक अवजार', आणि पुढे जातो. 'एक अवजार' ही काही टीप झाली नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पानिपतावरच्या तोफांची संख्या पाठ असते. त्या तोफांचे गाडे कोणी, कशाने विंधले हे त्याला विचारू नये. अर्थशास्त्रात बलुतेदारी चार ओळींत संपते. हे दोष मी प्राध्यापकांच्या माथी मारत नाही, अभ्यासक्रम त्यांनी केलेला नाही. पण आता प्रत्येक विद्यार्थ्याला एखादा प्रकल्प करावा लागतो, आणि त्या प्रकल्पांची गत आपण सारे जाणतो : तीच पाने, तीच प्रस्तावना, मुखपृष्ठावर नाव बदललेले.

त्याऐवजी एकेका विद्यार्थ्याने आपल्या गावातले एकेक हत्यार घ्यावे. फूटपट्टीने मोजावे, चौकटीच्या कागदावर बाजूने आणि वरून असे त्याचे चित्र काढावे, प्रत्येक भागाचे गावातले नाव जसे उच्चारतात तसे लिहावे, आणि ते कोणी घडवले, कशाच्या मोबदल्यात, हे वृद्ध कारागिराला विचारून टिपावे. आष्टी-पाटोद्याकडे एखाद्या भागाला जे नाव असेल ते अंबाजोगाई-परळीकडे नसेल. तेही नोंदवले जाईल. संपादक मंडळाने पुढच्या अंकात ह्यासाठी चार पाने द्यावीत अशी माझी मागणी आहे. छायाचित्रे नकोत, रेखाटनेच हवीत. छायाचित्र काढताना माणूस वस्तूकडे क्षणभर पाहतो. रेखाटन करताना कमानीचा बाक किती, वादीचा वेढा कोणत्या बाजूने, हे त्याला पाहावेच लागते.

सामत्याचे मी काढून ठेवले आहे. तिफण कोणीतरी घ्यावी. तिच्या चाड्याची तीन भोके मोजायला एक दोरा आणि एक दुपार पुरेल.